ज्याने लावला त्यानेच काढायचा

कुठलाही काटा दिसला की आप्पा त्याच्या काचेवर नखाने टिचकी मारायचे. बॉयलरच्या प्रेशर गेजवर मारायचे ते ठीक, ते त्यांचं कामच होतं. पण भिंतीवरच्या घड्याळावर, वाण्याच्या वजनकाट्यावर, दवाखान्यातल्या बीपीच्या मशीनवरसुद्धा. एकदा मॅनेजरसाहेबांनी हौसेने नवी गाडी दाखवायला बोलावलं, तर आप्पांनी आत वाकून आधी पेट्रोलच्या काट्यावर टिचकी मारली. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"काटा अडकतो रे," ते म्हणायचे. "अडकलेला काटा बघून माणूस निवांत बिडी ओढत बसतो, आणि आत पाणी संपलेलं असतं."

आमचा कारखाना नाशिक-मुंबई रस्त्यावर, वाडीवऱ्ह्याच्या अलीकडे. नाव कशाला घ्या, आता तिथे गोडाऊन झालंय. कारखान्याला लागणारी वाफ तयार करायला कोळशाचा एक बॉयलर होता. तो, त्याचे पंप, पंखे आणि पाइपांचं जंजाळ, एवढ्याला आम्ही बॉयलर हाऊस म्हणायचो. एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरी करणारा माझा मेव्हणा एकदा बघायला आला आणि म्हणाला, "एवढ्याशा स्टोव्हला तुम्ही तीन शिफ्टा लावता होय?" आप्पांनी त्याला चहा विचारला नाही. मला मात्र नंतर आठवडाभर ऐकवलं.

मी डिप्लोमा करून तिथे लागलो तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. आप्पा शिफ्ट सुपरवायझर, मी त्यांच्या हाताखाली. मला ते 'इंजिनिअर' म्हणायचे, आणि त्यात आदर वगैरे काही नव्हता. "ए इंजिनिअर, तो झाडू आण." अशा थाटात.

पहिल्या दिवशी त्यांनी मला बॉयलर दाखवला नाही. लाल टॅग दाखवला. पत्र्याचा, तळहाताएवढा, वर पांढऱ्या रंगात लिहिलेलं: 'काम चालू आहे. चालू करू नये.' त्याखाली काम करणाऱ्याचं नाव खडूने लिहायला जागा. मशीन दुरुस्तीला द्यायचं असेल तर आधी त्याचा स्विच पाडायचा आणि स्विचला हा टॅग तारेने बांधायचा. फिटरचं काम झालं की त्याने स्वतः येऊन सांगायचं, "माझं काम झालं, माणसं बाजूला झाली." मग ज्याने टॅग बांधला त्यानेच तो सोडायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मग तो मालक का असेना.

"आणि एक," आप्पा म्हणाले, "टॅग बघून लगेच मशीनमध्ये हात घालायचा नाही. आधी बटण दाबून बघायचं. चालू नाही झालं, तर घालायचा."

"म्हणजे टॅगवर विश्वास नाही का आपला?"

"टॅगवर आहे. लावणाऱ्यावर नाही."

तार बांधायची त्यांची एक पद्धत होती. उजवीकडे तीन पीळ आणि टोक आत दुमडलेलं, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून. लांबून बघूनही कळायचं की हा टॅग आप्पांनी बांधलाय. मी बांधलेला त्यांनी कित्येकदा सोडायला लावून परत बांधून घेतला. तेव्हा राग यायचा, आता माझ्याही हाताला तोच पीळ बसलाय.

आता दारूचं. आप्पा प्यायचे. लपवाछपवी काही नव्हती. ड्यूटीवर मात्र थेंब नाही, हा त्यांचा बाणा होता, आणि तो ते इतक्यांदा सांगायचे की कारखान्याच्या कॉलनीतल्या पोरांना पाठ झाला होता. ड्यूटी संपली की घरी जायचं, हातपाय धुवायचे, स्टीलचा पेला घ्यायचा. वहिनी गॅसवर पापड भाजून द्यायच्या. आमची क्वार्टर शेजारीच, मधे एक भिंत. पापडाचा वास आला की आमच्याकडे कळायचं, आप्पांचं सुरू झालं.

आप्पा देवळ्याकडचे. एरवी आमच्यासारखंच बोलायचे. पण पोटात गेली की हळूहळू अहिराणी वर यायची. आधी नुसता सूर बदलायचा. मग "माले काय व्हयेल नही शे" सुरू व्हायचं. आमच्या 'आहे'च्या जागी हा 'शे' आला की आतून वहिनींचा आवाज, "शे आला. झाकण लावा आता." वहिनी घोटीच्या, भाताच्या शेतातल्या. आवाज असा की एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जावा. भिंतीपलीकडून आम्हाला सगळं ऐकू यायचं. माझी बायको हसायची, मीही हसायचो. पण 'शे' नंतरही झाकण लागायचं नाही, हेही ऐकू यायचं.

"मला काही व्यसन नाही," आप्पा म्हणायचे. "श्रावणात महिनाभर शिवत नाही मी. व्यसन असतं तर जमलं असतं का?"

यावर वहिनी एकदा म्हणाल्या, "सोडता येती ना? मंग अकरा महिने धरता कशाला?"

आप्पा उठून घड्याळावर टिचकी मारून आले.

या बोलण्याचा काहीतरी परिणाम झाला असावा, कारण त्यानंतर त्यांनी 'कमी करायचं' ठरवलं. आणि आप्पांनी ठरवलं म्हणजे ते पद्धतशीर होणार. पाणी तपासायच्या लॅबमधून काचेचं एक रेघारेघांचं मापाचं नळकांडं आणलं. त्यात दारू ओतायची, डोळ्याच्या रेषेत धरायची, एक डोळा मिटून रेघ बघायची आणि मग पेल्यात. मोजून दोन पेग, वर नाही. मी एकदा समोर बसलो होतो. रेघेला आल्यावर त्यांनी आणखी थोडी ओतली.

"आप्पा, रेघेच्या वर गेली."

"लॉसेस धरावे लागतात. नळकांड्याला चिकटून राहते ती कोण पिणार, तू?"

लॉसेस वाढत गेले. मग फक्त शनिवारी प्यायचं असा नियम केला. पण शिफ्टच्या माणसाला कुठला शनिवार? सुट्टी मंगळवारी पडली तर मंगळवार हा शनिवार. डबल ड्यूटी केली तर एकात दोन दिवस गेले, म्हणजे शनिवार जवळ आला. बघता बघता आठवड्याचे सगळे वार शनिवार झाले. वहिनी म्हणाल्या, "आवो, मारुतीला तेल घालाया जाऊ का रोज?"

त्यातच एका वर्षी अधिक श्रावण आला. दोन श्रावण म्हणजे दोन महिने कोरडे जाणार, म्हणून वहिनी खुश. पण आप्पांनी कायदा काढला. अधिक महिना हा जादा, तो हिशेबात धरत नाहीत, त्यात लग्नं लावत नाहीत, मुंजी करत नाहीत, मग दारू कशी सोडतील? खरा श्रावण पुढचा. आता अधिकाच्या आधीही अमावास्या आली आणि अधिक संपतानाही आली. यातली गटारी कुठली यावर कॉलनीत वाद. आप्पांनी वाद मिटवला, दोन्ही साजऱ्या केल्या.

"अधिकात पुण्य दुप्पट लागतं म्हणत्यात," वहिनी म्हणाल्या. "तुमचं काय दुप्पट होतंय ते बघतीये मी."

दुसऱ्या गटारीनंतरची सकाळ. पहिली शिफ्ट. आप्पा अंघोळ करून, गंध लावून, वेळेवर आले होते. श्रावण लागला होता आणि आता महिनाभर काही नाही, म्हणून चेहऱ्यावर साधूसारखा भाव. बॉयलरला पाणी देणारे दोन पंप होते, ए आणि बी. ए चालू, बी बंद पण तयार, म्हणजे गरज पडली की बटणावर सुरू होणारा. बीची कपलिंग, म्हणजे मोटर आणि पंप जोडणारा भाग, आवाज करत होती. काशिनाथ फिटर तिचं काम करणार होता. मधेच वाफेची मागणी थांबली, म्हणून आप्पांनी ए पंपसुद्धा बंद केला. मग ते स्विचरूममध्ये गेले, स्विच पाडला, टॅग बांधला, बाहेर येऊन म्हणाले, "जा काशिनाथ, घे काम."

काशिनाथ बी पंपाजवळ गेला. जाळी काढून बाजूला ठेवली. पाना हातात घेतला. आणि सवयीने, नुसत्या सवयीने, मागे वळून बटण दाबलं.

पंप धाडकन चालू झाला.

मी तिथे चार हातांवर उभा होतो. ती उघडी कपलिंग गरगर फिरताना दिसत होती आणि काशिनाथचा हात तिच्यापासून वीतभर लांब होता. त्याने पंप बंद केला, पाना खाली ठेवला, आप्पांकडे आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आप्पा, टॅग ए पंपावर लागलाय."

एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. त्याने आईबहीण काढली असती तर बरं झालं असतं, असं आप्पा पुढे कित्येकदा म्हणाले.

आम्ही स्विचरूममध्ये गेलो. टॅग ए पंपाच्या स्विचला होता. उजवीकडे तीन पीळ, टोक आत दुमडलेलं. बांधणी एकदम बरोबर होती. आप्पा त्या टॅगकडे बघत उभे राहिले, मग तिथेच जमिनीवर बसले. त्यांचे हात थरथरत होते. आणि माझ्या तेव्हा लक्षात आलं, ते सकाळी आले तेव्हाही थरथरत होते. ते रोजच सकाळी थरथरायचे. आम्ही वय झालं म्हणून सोडून दिलं होतं.

"ड्यूटीवर थेंब नाही, थेंब नाही, असं नाचत होतो," आप्पा म्हणाले. "रात्रीची पोटात घेऊन यायचो ती कुणी मोजली? काटा अडकला होता इंजिनिअर. स्वतःवर टिचकीच मारली नाही कधी."

ते स्वतः उठून साहेबांकडे गेले, झालं ते सांगितलं आणि मेमो घेऊन आले. कुणी तक्रार करायची वाट बघितली नाही.

त्याच दुपारी ते घरी गेले ते एक जुना टॅग आणि तार घेऊन. भिंतीपलीकडे गलका ऐकून मी आणि बायको गेलो. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीत एका दाराचं फडताळ होतं. त्यात अर्धी बाटली होती. आप्पा फडताळाच्या कडीकोयंड्यातून तार ओवून टॅग बांधत होते. खाली काम करणाऱ्याच्या जागी खडूने वहिनींचं नाव लिहिलेलं. वहिनी कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"भाऊजी, बघा यांचं. मी काय फिटर हाय का?"

"आजपासून आहेस," आप्पा म्हणाले.

"आन काम कसलं करायचं मी?"

"माझी दुरुस्ती."

"मंग ती बाटली ओता ना मोरीत! टॅग कशाला पायजेल?"

"मशीन फेकून देतात का दुरुस्तीला काढल्यावर? मशीन जागेवरच असतं. फक्त चालू करायचं नाही. तू जेव्हा म्हणशील काम झालं, तेव्हा मी टॅग सोडेन. तोवर नाही."

"मी म्हनल तवा?" वहिनींनी कंबरेवरचे हात खाली घेतले.

"तू म्हणशील तेव्हा."

"मंग गेलात तुम्ही," वहिनी म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या.

एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं. तिसऱ्या दिवशी आप्पांना दरदरून घाम फुटला, अंगाला कापरं भरलं, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. वहिनींनी मला हाक मारली तेव्हा त्यांचा तो बांधावरचा आवाज पार बसला होता. आम्ही रिक्षात घालून त्यांना नाशिकला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर आम्हालाच रागावले. म्हणाले, रोज एवढी पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम तोडायची नसते, जीव जातो माणसाचा, आधी यायला काय झालं होतं? भरती करून घेतलं, औषधं दिली, आठवडाभर ठेवलं.

शुद्धीवर आल्यावर आप्पांना हे फार पटलं. "बरोबर आहे डॉक्टरचं. गरम बॉयलरवर गार पाणी सोडलं तर नळ्या तडकतात. मला कळायला पाहिजे होतं." मग सलाइनच्या बाटलीवर त्यांनी टिचकी मारली. नर्स ओरडली.

घरी आल्यावर पुढचं सुरू झालं, आणि ते मात्र आख्ख्या कारखान्याला पुरलं. आप्पा प्रत्येकाला म्हणायचे, "दाब बटण."

म्हणजे काय, तर आपण त्यांना दारूचं विचारायचं. "आप्पा, थोडी घेणार का?" असं. मग आप्पा उत्तर द्यायचे नाहीत. पंपाजवळ उभे राहतात तसे मान तिरकी करून थांबायचे, आतला आवाज ऐकायचे. आणि मग म्हणायचे, "नाही होत चालू. जा, काम कर." पहिलं बटण त्यांनी काशिनाथला दाबायला लावलं. काशिनाथ बिचारा माळकरी, त्याने आयुष्यात कुणाला दारू विचारली नव्हती. "आप्पा, ते... घेता का... ते?" म्हणाला आणि लाजला.

काही जणांना वाटलं, हा काय चावटपणा. पण मी जवळून बघत होतो. कधी कधी ते मान तिरकी करून बराच वेळ थांबायचे. माझ्या स्वतःच्या पिण्याबद्दल विचारू नका, ते दुसऱ्या कुणीतरी लिहावं. पण आप्पांसमोर मी पुन्हा कधी पेला धरला नाही.

दर दिवाळीला, फराळाच्या ताटावर बसल्यावर, आप्पा वहिनींना विचारायचे, "झालं का काम?"

वहिनी चकलीचा तुकडा मोडत म्हणायच्या, "नाय. लय बाकी हाय अजून."

"बघा बुवा. फिटर भलताच चेंगट मिळालाय," आप्पा आम्हाला सांगायचे आणि खुशीत चहा प्यायचे. पापडाचा वास भिंतीपलीकडून यायचाच. आता चहाबरोबर यायचा. अहिराणी मात्र बंद झाली. ती ऐकायची सवय झालेली, घर एकदम परक्या माणसाचं वाटायचं.

काही वर्षांनी वहिनी थंडीत गेल्या. साधा ताप म्हणून अंगावर काढला, छातीत कफ साचला, हॉस्पिटलात नेलं आणि चारपाच दिवसांत संपलं. बंगलोरला नोकरी करणारा त्यांचा मुलगा पोचला तोवर बोलणं बंद झालं होतं. आप्पा रडले नाहीत. सगळं पद्धतशीर केलं.

दहाव्यानंतर देवळ्याहून आलेले भाऊ संध्याकाळी ओट्याशी बसले होते. धाकट्याने पिशवीतून बाटली काढली. वाईट हेतूने नाही, खरंच. म्हणाला, "भो, दोन घोट ले. झोप तरी लागी. आते कोनासाठे थांबस?"

मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही. आप्पा फडताळाकडे बघत होते. टॅगवरचं खडूचं नाव पुसट झालेलं, पण वाचता येत होतं.

"फिटर आत असताना मशीन चालू करतात का रे?" आप्पा म्हणाले.

भावाला काही कळलं नाही. त्याने बाटली पिशवीत घातली.

त्यानंतर कुणी बटण दाबलं नाही. आप्पांनीही सांगितलं नाही. बायको गेलेल्या माणसाला दारू घेता का म्हणून कसं विचारणार? आणि मला तर भीती वाटायची, विचारलं आणि चालू झाला तर?

मग ते रिटायर झाले. क्वार्टर सोडून देवळ्याला भावाकडे राहायला जायचं ठरलं. निघायच्या दिवशी सकाळी मला हाक आली, "इंजिनिअर, पेचकस घेऊन ये."

टेम्पो दारात लागला होता. घर रिकामं. आप्पा स्वयंपाकघरात फडताळासमोर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

"आता शिफ्ट इन्चार्ज कोण?"

"मी आहे आप्पा. तुमच्याच जागेवर."

"काम करणारा माणूस कारखाना सोडून गेला, परत येऊन सांगू शकत नाही, तर टॅगचं काय करायचं असतं?"

नियम मला पाठ होता, त्यांनीच शिकवलेला. "इन्चार्जने स्वतः जागा तपासायची. काम झालंय असं दिसलं तर बांधणाऱ्याला सांगायचं, सोड म्हणून."

"मग तपास. आणि सांग मला."

मला संतापच आला. "माझ्या गळ्यात का घालताय हे? एवढी वर्षं राहिला तसा राहू द्या ना."

"क्वार्टर ताब्यात द्यायची आहे. टॅग लावलेलं फडताळ कसं देऊ?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथे संध्याकाळी कांद्याच्या चाळीपाशी सगळे घेत बसतात. मी काय कडेला ताक पीत बसू? थकलो रे. तिने सांगितलं असतं काम झालं, तर केव्हाच सोडला असता. सांगितलंच नाही तिने."

आत अर्धी बाटली होती. टॅग सुटला की पुढे काय होणार हे मला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं. मी पेचकस खिशात घालून मागे सरलो.

आप्पांनी तार सोडायला हात पुढे केला आणि तसाच थांबला. इतकी वर्षं ते त्या फडताळाच्या जवळही गेले नव्हते, आता वाकून टॅगामागची तार बघितली. चष्मा काढून, पुसून, परत बघितलं.

"हा पीळ माझा नाही."

मी बघितलं. तार डावीकडे पिळलेली होती, कशीतरी, चार-पाच वेढे, आणि टोक बाहेर आलेलं. घरात बायका तांदळाच्या पिशवीला सुतळी गुंडाळतात तशी.

"कोयंडा काढ," आप्पा म्हणाले. "टॅगला हात लावू नको. कोयंड्याचे स्क्रू काढ."

मी चौकटीवरचे स्क्रू काढले. दार उघडलं, कोयंडा आणि टॅग दाराला लटकत राहिले.

आत बाटली नव्हती. आत डबे होते. पापडांचा, कुरडयांचा, तांदळाच्या फेण्यांचा. एका बाजूला वाळवलेल्या गवारीची पुरचुंडी. फडताळ गच्च भरलेलं होतं. घरात जागा कमी, वहिनींना सामान ठेवायला फडताळ हवंच होतं. आप्पा ड्यूटीवर गेले की तार सोडायची, पापड काढायचे, परत गुंडाळायची. बाटली कधी मोरीत गेली देव जाणे. त्या दरवर्षी उन्हाळ्यात नवे पापड करायच्या, म्हणजे पहिल्या वर्षीच गेली असणार.

आप्पांनी पापडाचा डबा काढला, झाकण उघडून वास घेतला.

"रोज चहाबरोबर खात होतो ते इथले!" ते म्हणाले. "मी बाहेर टॅगची राखण करतोय, आणि ही... काम तर केव्हाच उरकून बसली होती. आणि मला दर दिवाळीला सांगते, लय बाकी हाय."

ते हसायला लागले. हसता हसता खाली बसले, डबा मांडीवर घेऊन, आणि मग रडले. वहिनी गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघत होतो.

"पक्की शे," ते म्हणाले. "भलती पक्की शे ही बाई."

'शे' आला होता, आणि पोटात थेंब नव्हता.

मग मी विचारलं, "आप्पा, जागा तपासली. काम झालंय. मग सोडताय का टॅग?"

त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं सुरुवातीच्या दिवसांत बघायचे, झाडू आण म्हणताना.

"ज्याने लावला त्यानेच काढायचा. काय शिकवलं तुला? मी लावला असता तर काढला असता. हा पीळ तिचा आहे."

मग मला फडताळाचं दार बिजागरीपासून काढावं लागलं, टॅगसकट. कॉलनीचा देखरेखवाला आला, "अहो, एक दार कमी भरतंय" म्हणून कुरकुरला. पुढच्या आठवड्यात मी सुताराकडून नवं बसवून घेतलं. आप्पांनी ते जुनं दार टेम्पोत गाद्यांच्या वर आडवं ठेवलं आणि स्वतः पुढे ड्रायव्हरजवळ बसले, पापडाचा डबा मांडीवर.

टेम्पो सुरू झाला तसा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला.

"इंजिनिअर, दाब बटण."

मी टेम्पोशेजारी चालत म्हटलं, "आप्पा, आज निरोपाचा दिवस. थोडी घ्यायची का?"

त्यांनी मान तिरकी केली. टेम्पोच्या इंजिनाचा एवढा आवाज, तरी ऐकत राहिले. बराच वेळ.

"नाही होत रे चालू," आप्पा म्हणाले. "फिटर आत आहे."